पुसायचं की शोधायचं?

साशंक : ताई, सरळ सांगतो. तुमच्या सेवा केंद्रातल्या संगणकात व्हायरस आहे हे एकदा दिसलं, की माझ्यापुरती चर्चा संपली. कामाच्या फाइली काढून घ्यायच्या, फॉरमॅट मारायचा, विंडोज नव्याने टाकायची. लोणावळ्यात माझ्याकडे हॉटेलच्या काउंटरवरची मशिनं येतात, चिक्कीच्या दुकानांची बिलिंगची येतात, बंगल्यांचं बुकिंग घेणाऱ्यांची येतात. शुक्रवारी बंद पडलेलं मशीन शनिवारी सकाळी गर्दीच्या आत हवं असतं. पण घाईचं कारण मी दुय्यम मानतो. माझं खरं कारण वेगळं आहे. जो प्रोग्राम तुमच्या परवानगीशिवाय आत शिरला आणि ज्याला मशीनचे सगळे अधिकार मिळाले, त्याने आत काय काय बदललं हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही एक फाइल शोधून काढाल. तिने मागे दुसरी ठेवली असेल, रोज रात्री पहिलीला परत आणणारं एखादं काम नेमून दिलं असेल, अँटिव्हायरसलाच एका फोल्डरकडे पाहू नकोस असं सांगून ठेवलं असेल. जे सापडलं ते काढलं, एवढंच तुम्ही म्हणू शकता. मशीन स्वच्छ झालं असं म्हणण्याचा हक्क तुम्हाला नाही.

शोधक : दादा, त्याच्याही आधीचा प्रश्न राहिला. तो व्हायरस आहे हे ठरवलं कुणी? कामशेतला माझ्याकडे जूनमध्ये उत्पन्नाच्या आणि रहिवासी दाखल्यांसाठी रांग लागते. नेमक्या त्याच दिवसांत मशीन रखडायला लागलं की सगळे एका सुरात म्हणतात, व्हायरस शिरला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. चार महिने भिंती ओल्या असतात, वीज दिवसातून कितीदा जाते-येते, कमी-जास्त दाबाने पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क दोन्ही झिजतात. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं आणि डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांवर असेल, सोबत कटकट आवाज येत असेल, तर बऱ्याचदा डिस्क मरायला टेकलेली असते. अशा डिस्कवर फॉरमॅट मारलात तर आहे ते वाचवण्याची शेवटची संधीही जाते. पंखा धुळीने चोंदला असेल, रॅम कमी पडत असेल, मागे विंडोजचा अपडेट चालू असेल. मंदपणा हे लक्षण फार ढोबळ आहे. त्यावरून व्हायरस ठरत नाही.

साशंक : मान्य. मंद मशीनला मीसुद्धा आधी डिस्कची तपासणी लावतो. पण तुमच्या मशीनची लक्षणं ढोबळ नाहीत. पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट होतात. लपलेल्या फाइली दाखवा असा पर्याय निवडला तर दोन मिनिटांत तो आपोआप बंद होतो. अँटिव्हायरस कंपनीची वेबसाइट उघडत नाही, बाकी सगळ्या उघडतात. यात पावसाचा काय संबंध?

शोधक : काही नाही. हा व्हायरसच आहे, आणि तो काय करतोय हे कळलं म्हणूनच मला पुढचं सुचतं. पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर तो पुसत नाही, लपवतो. त्यांना ‘लपलेले’ आणि ‘सिस्टिमचे’ अशा दोन खुणा लावतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट समोर मांडतो. गिऱ्हाइकाने शॉर्टकट दाबला की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते, मग खरा फोल्डर उघडतो. म्हणून माणसाला काही बिघडलंय असं वाटतच नाही. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करणारे किती विद्यार्थी मी पाहिले! प्रोजेक्ट तिथेच असतो. अॅट्रिब नावाची डॉसच्या काळापासूनची आज्ञा चालवली की त्या खुणा उतरतात आणि फोल्डर परत दिसतात. यंत्रणा समजली नाही म्हणून लोक आपल्या हाताने आपलं काम पुसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि फॉरमॅटने काय जातं याचा हिशेब तुम्ही धरतच नाही. माझ्या मशीनवर श्रीलिपी हे मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर आहे. ग्रामपंचायतींचे आणि पतसंस्थांचे जुने ठराव, अर्जांचे नमुने, सगळं त्या जुन्या फॉन्टांत टंकलेलं आहे. ते युनिकोड नाही. फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर पडद्यावर मराठीऐवजी निरर्थक चिन्हं उमटतात. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, स्कॅनरची जुळणी, प्रिंटरच्या सेटिंग, कीबोर्डची मांडणी, हे सगळं पुन्हा उभं करायला माझे दिवस जातात. तोवर नाणे मावळातून आणि अंदर मावळातून एसटीने आलेली माणसं हात हलवत परत जातात.

साशंक : सोयीचं मोल मला कळतं, पण सोय आणि खात्री यांची गल्लत करू नका. फ्रेड कोहेन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये संगणकीय व्हायरसवर पहिला गंभीर शास्त्रीय निबंध मांडला. त्यात त्याने दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्राम पाहून तो व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगणारं साधन बनवणं तत्त्वतःच अशक्य आहे. त्याचा युक्तिवाद साधा आहे. असं साधन आहे असं क्षणभर धरा. मग मी एक प्रोग्राम लिहितो, जो त्या साधनालाच विचारतो, मी व्हायरस आहे का? साधन ‘हो’ म्हणालं की तो निमूट बसतो, ‘नाही’ म्हणालं की पसरायला लागतो. साधन काहीही म्हणालं तरी चुकतंच. पुढे कितीही हुशार यंत्रणा आल्या तरी ही मर्यादा हलणार नाही. मग ‘स्कॅनमध्ये काही सापडलं नाही’ या वाक्यावर तुम्ही लोकांची आधार कार्डं सोपवणार?

शोधक : कोहेनने शोध घेणं व्यर्थ ठरवलं नाही, दादा. सगळ्यांना पुरून उरणारं एकच साधन नाही, एवढंच त्याने सांगितलं. म्हणून तर माणूस लागतो. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरस सारखे सापडायचे. धाकटे भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा लिहायला सुरुवात केली. तेव्हाचा मायकेलअँजेलो व्हायरस दर ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक मजकूर लिहून टाकायचा. त्यावर तारीख यायच्या आधी डिस्क कोरी करणं हाही उपाय होताच. पण या भावांनी व्हायरस कुठे बसतो, मूळ मजकूर कुठे सरकवतो हे पाहिलं आणि तो मजकूर जागेवर आणला. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. पुसून टाकणं पुरेसं मानलं असतं तर पुण्यात तो धंदा जन्मालाच आला नसता.

(दोघांचं बोलणं लिहून काढताना माझं मन इथवर शोधकाच्या बाजूला झुकलं होतं. दुरुस्ती म्हणजे आधी बिघाड समजणं, ही आपल्याकडच्या कारागिरांची जुनी शिस्त आहे आणि संगणकाच्या धंद्यात ती झपाट्याने मोडीत निघाली आहे. पण पुढच्या आक्षेपापाशी मलाही थबकावं लागलं.)

साशंक : काटकरांच्या काळातला व्हायरस दिसायचा, ताई. पडद्यावर अक्षरं गळायची, डिस्क उडायची. त्याला आपलं अस्तित्व मिरवायचं असायचं. आताच्याला लपायचं असतं. तो चार मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी, डेस्कटॉपवरची कागदपत्रं उचलतो, बाहेर पाठवतो आणि कधी कधी स्वतःला पुसूनही टाकतो. तुम्ही काढायला बसाल तेव्हा काढण्यासारखं काही उरलेलंच नसतं. कॉस्मॉस बँक आठवा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. मालवेअरच्या जोरावर चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना परवानगी देणाऱ्या खऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. कार्ड कुठलंही असो, ती ‘हो’ म्हणत गेली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या यंत्रणेतून हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. दोन्ही मिळून ९४ कोटींच्या वर. १९०६ सालची बँक, स्वतःची तज्ज्ञ माणसं. तिथे कळलं नाही ते कामशेतच्या एका टेबलावर कळेल?

शोधक : तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कॉस्मॉसच्या प्रकरणात दुसऱ्या दिवशी कुणी सगळे सर्व्हर फॉरमॅट केले असते तर पैसे कुठल्या वाटेने गेले हे पोलिसांना कशावरून कळलं असतं? पुसणं म्हणजे पुरावा पुसणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये व्हायरस सोडणं हे नाव घेऊन सांगितलेलं आहे आणि कलम ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर फोन केलात, तक्रार नोंदवली आणि मशीन कोरं करून ठेवलंत, तर तपासणाऱ्याच्या हाती काय देणार?

शिवाय कुठला व्हायरस हे कळल्याशिवाय काय करायचं नाही हेही कळत नाही. जून २०१७ मध्ये न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. जगभर पसरलेला नॉटपेट्या तिथे पोचला होता. पडद्यावर खंडणीची मागणी होती. अभ्यासकांनी तो उलगडला तेव्हा लक्षात आलं की पैसे दिले तरी फाइली उघडण्याची सोयच त्यात नव्हती. खंडणीचं नुसतं सोंग होतं. हे ज्यांना वेळेत कळलं त्यांचे पैसे वाचले. उलट काही खंडणीखोर व्हायरसांच्या किल्ल्या पुढे सापडतात. २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तिथे अशा किल्ल्या फुकट मिळतात. ज्याने कुलूपबंद फाइली रागाने पुसल्या, त्याच्यासाठी किल्ली आली काय नि न आली काय.

आणि २०१७ चाच वॉनाक्राय? विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरायचा ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिला होता, हल्ला १२ मे रोजी झाला. ज्याने फॉरमॅट मारून तीच जुनी, न बुजवलेली विंडोज पुन्हा टाकली, त्याच्या मशीनमध्ये तो त्याच वाटेने परत येऊ शकत होता. वाट शोधली नाही तर घर कितीही झाडा.

साशंक : बरं, तुम्ही शोधता म्हणजे नेमकं काय करता? ‘स्कॅन मारला’ एवढंच असेल तर ते मीही करतो.

शोधक : पहिलं म्हणजे इंटरनेटची वायर काढते, वायफाय बंद करते. आत जे आहे ते बाहेर बोलायचं थांबलं पाहिजे. त्या मशीनवरून कुठलंही लॉगिन करत नाही, बँकेचं तर नाहीच. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन संरक्षणाचा इतिहास वाचते. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, डिफेंडरने, काय पकडलं, कुठल्या ड्राइव्हवर, किती वाजता, हे तिथे असतं आणि लोक ते कधी उघडतच नाहीत. त्या वेळेवरून कुणाचा पेनड्राइव्ह लागला होता हे मला आठवतं.

त्यानंतर ऑटोरन्स. मार्क रसिनोविच यांनी केलेलं हे साधन आता मायक्रोसॉफ्टच फुकट देतं. मशीन सुरू होताना आपोआप काय काय उठतं याची यादी ते दाखवतं. रजिस्ट्रीतल्या नोंदी, नेमलेली कामं, सेवा, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, सगळं एका जागी. व्हायरसला पुन्हा उठायचं तर या यादीत बहुधा कुठे तरी यावंच लागतं. विश्वासार्ह सही नसलेली, विचित्र नावाची, टेंप फोल्डरमधून चालणारी नोंद दिसली की तिथे थांबते. लगेच पुसत नाही, आधी खूण काढून बंद करते. संशयित फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखसंख्या, दुसऱ्या मशीनवरून व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर टाकून पाहते. फाइल चढवत नाही. तिथे चढवलेली फाइल इतरांपर्यंत पोचते, आणि माझ्याकडच्या फाइली लोकांच्या आहेत. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. त्यात विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला आपली यंत्रणा चालू नसते. त्यावर दुसऱ्या कंपनीच्या साधनाचं मत. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही २०१७ पासून अशी फुकट साधनं आहेत. शेवटी होस्ट्स फाइल, प्रॉक्सी आणि डीएनएस पाहते, कारण अँटिव्हायरसची साइट न उघडण्याचं कारण तिथे सापडू शकतं.

साशंक : हे तुम्ही करता, ताई. मावळातल्या शंभर केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत असं करणारा दुसरा माणूस दाखवा. मला सगळ्यांना लागू पडेल असा उपाय हवा. फॉरमॅट अडाणी असेल, पण अर्धवट निदानापेक्षा सुरक्षित आहे. निम्मं माहीत असलेला माणूस दोन नोंदी पुसतो, एखादी विंडोजची स्वतःची फाइल उडवतो आणि ‘झालं साफ’ म्हणून पैसे घेतो. गिऱ्हाईक निर्धास्त होतं. त्या निर्धास्तपणाची मला व्हायरसपेक्षा जास्त भीती वाटते.

शोधक : आणि तुमच्या फॉरमॅटने येणारा निर्धास्तपणा? रागावू नका, पण विचारते. नवी विंडोज कुठून टाकता? परवाना किती जणांकडे असतो? तालुक्यातल्या किती मशिनांवर फॉरमॅटनंतर पहिलं काम परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा ‘अॅक्टिव्हेटर’ चालवण्याचं असतं? तो चालावा म्हणून आधी डिफेंडर बंद करायचा, मग कुणी बनवला माहीत नाही असा प्रोग्राम सगळे अधिकार देऊन चालवायचा. व्हायरसला यापेक्षा मोठं आमंत्रण कोणतं? असे कितीतरी अॅक्टिव्हेटर स्वतःच पासवर्डचोर घेऊन येतात. म्हणजे कोरं मशीन पहिल्या तासातच बाटतं, आणि या वेळी दुरुस्त करणाऱ्याच्या हातून. केन थॉम्प्सन या मोठ्या संगणकतज्ज्ञाने १९८४ मध्येच हे बजावून ठेवलं आहे. तुम्ही स्वतः पूर्णपणे न लिहिलेल्या प्रोग्रामवर आंधळा भरवसा नको, कारण प्रोग्राम बनवणारं साधनच बिघडवलेलं असू शकतं. तुमचा विंडोजचा पेनड्राइव्ह कुठल्या मशीनवर तयार झाला, हे सांगता येईल?

साशंक : (थोडं थांबून) माझा सांगता येईल. मी तो मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून वेगळ्या मशीनवर बनवतो. पण परवान्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते आमच्या धंद्याचं दुखणं आहे. गिऱ्हाइकाला परवान्याची किंमत सांगितली की ते शेजारच्या दुकानात जातं. त्यातून विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशिनांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे तुमच्या शोधाला आणि माझ्या फॉरमॅटला, दोघांनाही, ज्या जमिनीवर उभं राहायचं तीच खचलेली आहे. मग काय करायचं? दर वर्षी नवं मशीन? केंद्रचालकाला एका दाखल्यामागे जे सुटतं त्यात?

शोधक : म्हणून मी हट्टाने फक्त शोधच म्हणत नाही. खंडणीचा किंवा पासवर्ड चोरणारा निघाला तर मीही शेवटी मशीन कोरंच करते. पण ओळख पटल्यावर. आधी डिस्कची हुबेहूब प्रत बाजूला ठेवते, कागदपत्रं आणि फोटो तेवढे काढते, एकही डॉट ईएक्सई परत आणत नाही. फाइलींची एक्स्टेन्शन्स दिसतील अशी सेटिंग करते, कारण ‘पावती.पीडीएफ’ दिसणारी फाइल पुढे डॉट ईएक्सई लपवून असते. सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलते आणि सगळीकडचे लॉगिन बंद करते, कारण नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी मरेलच असं नाही. यातलं कुठलं काम करायचं आणि कुठलं नाही, हे मला निदानावरून ठरवता येतं. तुमच्या पद्धतीत प्रत्येक आजाराला एकच शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रियेनंतर आजार काय होता हे कुणालाच माहीत नाही.

साशंक : ठीक. आपण जवळ येतोय असं वाटतं, पण एका जागी तुम्ही अजून निसटता आहात. समजा तुमचं निदान पूर्ण झालं. हा अमुक जातीचा, पासवर्ड आणि कागदपत्रं उचलणारा. मंगळवारी दुपारी आला, शुक्रवारी सापडला. मशीन कोरं केलंत, पासवर्ड बदलले. ते तुमचे. त्या चार दिवसांत पवन मावळातून आलेल्या ज्या माणसांचे आधार, बँकेची पासबुकं, सातबारे तुम्ही स्कॅन केले, त्यांचं काय? पासवर्ड बदलता येतो, आधार क्रमांक असा सहज बदलत नाही. निदान न करणाऱ्या माझ्यासारख्याला निदान एक सबब आहे, मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत झालं. आता तुम्ही त्यांना सांगणार का?

शोधक : सांगायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे, ज्याची माहिती फुटली त्याला कळवा.

साशंक : कायदा राहू द्या. तुम्ही सांगाल का? सांगितलंत तर पुढच्या आठवड्यात रांग शेजारच्या केंद्रावर लागेल, जिथे कधी काही तपासलंच जात नाही आणि म्हणून कधी काही सापडतही नाही. शोधणाऱ्याला शिक्षा आणि न पाहणाऱ्याला गिऱ्हाईक. मी फॉरमॅट मारतो त्यामागे हेही आहे, हे आज पहिल्यांदा बोलतोय. काय होतं हे कळलं की कुणाला तरी सांगावं लागतं.

शोधक : मग आपला वाद फॉरमॅटचा नव्हताच. मशीन कधी विश्वासाचं झालं हे तुम्ही आणि मी ठरवतोय, आणि ज्यांची कागदं त्यावर आहेत ते बाहेर बाकावर बसलेत. आधार लॉक करता येतं, खात्यावर लक्ष ठेवता येतं, हे त्यांना सांगितलं तर ते काही करू शकतात. न सांगता मी मशीन कितीही नीट साफ केलं तरी त्यांच्या वाटची निम्मी कामं राहतात.

साशंक : आणि सांगितल्यावर त्यांनी विचारलं, ‘ताई, आता तरी हे मशीन साफ आहे ना?’ तर?

शोधक : जे पाहिलं ते सांगेन. काय सापडलं, काय काढलं, कुठवर पाहिलं.

साशंक : ते ‘हो’ की ‘नाही’ विचारताहेत.

शोधक : माहीत आहे. ‘हो’ मी म्हणू शकत नाही, आणि ‘नाही’ म्हटलं तर दाखला काढायला त्यांनी वडगावला जायचं, तिथलं मशीन तरी कुणी पाहिलंय? तुम्ही काय सांगाल त्यांना?